वाचकांचे प्रश्न : बिझनेस कम्युनिकेशनच्या तासाला शिकवायचे तरी काय?

'बिझनेस कम्युनिकेशन' म्हणजेच व्यावसायिक संप्रेषण या विषयासंबंधी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली असून लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी वाणिज्य महाविद्यालयात २२ वर्षे हा विषय शिकवते. फुल ब्लॉक, मॉडिफाइड ब्लॉक हे पत्राच्या मांडणीचे साचे, मग चौकशीचे पत्र, तक्रारीचे पत्र, वसुलीचे पत्र असा क्रम आजही चालू आहे. हल्ली दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "मॅडम, आता पत्र लिहितं कोण?" विषय कालबाह्य झाला आहे, की आम्हीच त्याचे जुने टोक धरून बसलो आहोत?
— प्राध्यापिका, सातारा

उत्तर : दुसरी शक्यता खरी आहे, असे मला वाटते. मात्र ते जुने टोक आपल्या हाती कसे आले हे समजले, तर ते सोडणे सोपे जाईल. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत टपालाने माल विकणे आणि टपालानेच उधारी वसूल करणे हा मोठा धंदा झाला होता. दूर गावी राहणाऱ्या गिऱ्हाइकाला ना दुकान दिसे, ना दुकानदार. त्याच्या हाती पडणारा टंकलिखित कागद हेच त्याच्या लेखी दुकान होते. असा कागद लिहिणारी माणसे तयार करण्यासाठी तेथील विद्यापीठांत 'बिझनेस इंग्लिश'चे वर्ग निघाले. न्यूयॉर्क विद्यापीठातील जॉर्ज बर्टन हॉचकिस हे त्यांतले ठळक नाव. 'आम्ही काय विकतो' याऐवजी 'तुम्हाला काय मिळेल' या बाजूने वाक्य रचावे, हा 'यू ॲटिट्यूड'चा धडा त्याच पिढीचा आहे. तुमचा फुल ब्लॉकही टंकयंत्राच्याच जगातला आहे : प्रत्येक ओळ डाव्या कडेपासून सुरू केली की टंकलेखकाला जागा सोडत बसावे लागत नाही. हे कारण वर्गात न सांगता केवळ आकृती पाठ करून घेतली, तर विद्यार्थ्याला तो कर्मकांडाचा भाग वाटणारच.

विषय कसा सरकत गेला, हे त्याच्या संघटनेच्या नावावरूनही दिसते. १९३०च्या दशकात अमेरिकेतील प्राध्यापकांनी स्थापन केलेल्या संघटनेच्या नावात आरंभी 'रायटिंग' हा शब्द होता. पुढे त्याच्या जागी 'कम्युनिकेशन' आला, नंतर 'अमेरिकन' हा शब्दही गळाला आणि आज ती असोसिएशन फॉर बिझनेस कम्युनिकेशन या नावाने ओळखली जाते. तिच्या, १९६३ पासून निघणाऱ्या संशोधनपत्रिकेच्या नावात २०१४ मध्ये 'इंटरनॅशनल' हा शब्द आला. या प्रवासात एक धक्काही आहे. १९५९ मध्ये अमेरिकेतील व्यवस्थापन शिक्षणाची झडती घेणारे दोन मोठे अहवाल प्रसिद्ध झाले आणि त्यांनी वाणिज्य शाखांतील केवळ हस्तकौशल्याच्या अभ्यासक्रमांवर कडक टीका केली. पत्रलेखन शिकवणाऱ्यांना त्यानंतर आपल्या विषयामागे काही ज्ञान आहे, हे दाखवून द्यावे लागले.

ते दाखवण्याच्या घाईत क्लॉड शॅनन या अमेरिकन अभियंत्याचे १९४८चे संदेशवहनाचे प्रतिमान (मॉडेल) या विषयात शिरले असावे. प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, मध्ये 'नॉइज' (व्यत्यय) ही चौकटी आणि बाणांची आकृती आपल्याकडील बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या प्रकरणात आहे. बेल या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या शॅननला तारेतून संकेत कसे न्यावेत हे ठरवायचे होते आणि संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाचा संबंध नाही, असे त्याने आरंभीच स्पष्ट लिहिले होते. ज्या सिद्धान्ताने अर्थ बाजूला ठेवला, त्याच्याच आधारे आपण साठेक वर्षे अर्थ कसा पोहोचतो हे शिकवत आहोत, याचे मला राहून राहून नवल वाटते.

खरी भर घातली ती कार्यालयांत जुने कागद उपसणाऱ्यांनी. जोॲन येट्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात अमेरिकन रेल्वे आणि कारखान्यांचे दप्तर तपासले आहे. १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वेस्टर्न रेलरोडवर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि त्यानंतर त्या कंपनीने कोणी कोणाला काय कळवायचे, याची नीट बांधणी केली. लेखी हुकूम, लेखी अहवाल आणि त्यांची साखळी ही अशा गरजांतून वाढली. मेमोचा, म्हणजे कार्यालयातल्या अंतर्गत लेखी निरोपाचा, जन्मही याच वाटेवरचा आहे. (आपल्याकडे 'मेमो मिळाला' म्हणजे ठपका बसला, हा अर्थ नंतरचा.) पूर्वी पत्रांच्या प्रती तारखेच्या क्रमाने बांधीव वहीत उमटवून ठेवत. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात मांडलेली उभी फाइल, म्हणजे कागद कपाटात उभे लावण्याची पद्धत, पुढे रूढ झाली, कागद विषयवार लावता येऊ लागले आणि मग एका कागदावर एकच विषय हवा, तो वरच लिहिलेला हवा, ही सोय आवश्यक ठरली. आज ईमेलच्या माथ्यावर जी 'सब्जेक्ट'ची ओळ विद्यार्थी रिकामी सोडतात किंवा 'हाय सर' लिहून भरतात, ती कपाटातून आलेली आहे. हे सांगून पाहा. ती ओळ कशासाठी हे त्यांना लगेच कळते.

पण नीट लिहिले म्हणजे काम झाले, या आपल्या श्रद्धेला सर्वांत मोठा तडा गेला तो २८ जानेवारी १९८६ रोजी. अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडी झिजते आणि सांधा नीट बंद होत नाही, हा धोका ते रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते रॉजर बॉइसजोली यांनी सहा महिने आधी, ३१ जुलै १९८५ रोजी, अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष रॉबर्ट लुंड यांना मेमोने कळवला होता. मेमोची विषयओळ कोरडी तांत्रिक होती, पण आतला मजकूर संदिग्ध नव्हता. ताबडतोब हालचाल केली नाही तर एखादे उड्डाण गमावण्याची पाळी येईल, अशी आपली प्रामाणिक भीती आहे, असे त्यात सरळ लिहिले होते. उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवर झालेल्या बैठकीत अभियंत्यांनी विरोध केला, तेव्हा कंपनीच्या वरिष्ठांनी याच लुंड यांना अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितले आणि परवानगी दिली गेली. चौकशी आयोगापुढे हे सारे आले. १९८८ मध्ये डोरोथी विन्सर यांनी या पत्रव्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे प्रकरण आमच्या विषयात वारंवार वाचले जाते, कारण 'स्पष्ट, संक्षिप्त, सभ्य' या कसोट्यांवर मेमोला बरे गुण पडतील आणि तरीही तो निष्फळ ठरला. संशोधनाचा प्रश्न त्यामुळे बदलला : कागद कसा लिहावा एवढेच न विचारता, तो कोणाच्या टेबलावर, कोणत्या दबावाखाली वाचला जातो आणि वाईट बातमी वर चढताना मवाळ का होते, हे विचारले जाऊ लागले.

तुम्हाला अभ्यासक्रम बदलण्याचा अधिकार नसेल, पण सराव परीक्षेतील एक प्रश्न बदलता येईल. 'तक्रारीचे पत्र लिहा' याऐवजी तीच तक्रार आधी गोदामप्रमुखाला, मग विक्री व्यवस्थापकाला आणि शेवटी मालकाला कळवायला सांगा आणि तिन्हींत काय बदलले व काय गाळले गेले, याची कारणे लिहायला लावा. गुण त्या कारणांना द्या.

प्रश्न : मी एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात आहे. निवड न झालेल्या उमेदवारांना पत्रे पाठवण्याचे काम माझ्याकडे असते. आम्हाला शिकवले होते की आधी गोड प्रस्तावना, मग कारण, मग नकार आणि शेवटी शुभेच्छा. माझे वरिष्ठ म्हणतात, दोन ओळींत नाही म्हणून मोकळे व्हा. बरोबर कोण?
— वाचक, चाकण

उत्तर : तुमचे वरिष्ठ, थोड्या दुरुस्तीसह. ती गोड प्रस्तावना पाठ्यपुस्तकांत 'बफर' या नावाने वर्षानुवर्षे नांदली आणि तिचा उपयोग खरोखर होतो का, हे फार थोड्यांनी तपासले. किटी लॉकर या अमेरिकन अभ्यासिकेने ते तपासून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उधारी नाकारणारी आणि पदव्युत्तर प्रवेश नाकारणारी कल्पित पत्रे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वाचायला दिली असता, बफर असण्या-नसण्याने त्यांच्या प्रतिक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही. शेवटी आपल्याच संस्थेची जोरदार भलामण केलेली मात्र उलटी बाधली. पत्रे कल्पित होती आणि वाचक अमेरिकन विद्यार्थी होते, म्हणून हा निष्कर्ष चाकणच्या उमेदवाराला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण आपल्या घोकलेल्या नियमाला आधार किती कमी होता, हे त्यावरून कळते. याच लॉकरबाईंनी ईस्ट इंडिया कंपनीचा आरंभीचा पत्रव्यवहारही अभ्यासला होता. धंद्याच्या भाषेतील ठरीव वाक्ये कोठून येतात, हा त्यांच्या आवडीचा शोध होता.

आता आपल्याकडचा नमुना पाहा. 'आपण आमच्या संस्थेविषयी दाखविलेल्या स्वारस्याबद्दल आम्ही आपले अत्यंत आभारी आहोत. आमच्याकडे राज्यभरातून उच्चशिक्षित व अनुभवी उमेदवारांचे अर्ज येत असतात. तथापि...' उमेदवार पहिली दोन वाक्ये वाचतच नाही. त्याची नजर 'तथापि' शोधते, आणि तो सापडला की पुढचेही वाचायचे राहते. त्याऐवजी असे लिहून पाहावे : 'प्रेस शॉपमधील पर्यवेक्षक पदासाठी आपली निवड झालेली नाही. या पदासाठी प्रेस मशिनवरील किमान तीन वर्षांचा अनुभव आवश्यक होता. आपल्या अर्जात तो एक वर्षाचा आहे. आपला अर्ज आम्ही सहा महिने जपून ठेवणार आहोत. तसे नको असल्यास कृपया कळवावे.' यात गोडवा नाही, पण उमेदवाराला आपण कोठे कमी पडलो ते कळते आणि पुढे काय होणार हेही कळते. वरिष्ठांच्या दोन ओळींत मी घातलेली भर एवढीच. अर्ज सहा महिने ठेवणार नसाल, तर मात्र ते वाक्य लिहू नका.

प्रश्न : माझ्या कंपनीचे मुख्यालय फिनलंडमध्ये आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. बैठकीत माझे इंग्रजी अडखळते, याची लाज वाटते. चांगले इंग्रजी बोलणारे सहकारी मला दुरुस्त करतात. काय करावे?
— सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

उत्तर : तुमच्या मुख्यालयाच्या देशातच या प्रश्नावर गाजलेले संशोधन झाले आहे, ही चांगली गोष्ट. स्वीडिश व फिनिश कंपन्यांच्या विलीनीकरणांनंतर दोन्हीकडची माणसे परस्परांशी इंग्रजीत कशी बोलतात, याचा हेलसिंकीतील लीना लौहियाला-साल्मिनेन, मिर्यालीसा चार्ल्स आणि ॲन कांकानरांता यांनी अभ्यास केला आणि २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. इंग्रजी तेथे कोणाचीच मातृभाषा नव्हती. ते कामापुरते सामायिक हत्यार होते. त्यांच्या पुढच्या अभ्यासांतही दिसले ते हे की, अशा ठिकाणी व्याकरणाच्या नितळपणापेक्षा मुद्दा स्पष्ट असणे, आपल्या कामाचे शब्द पक्के असणे आणि समोरच्याशी सौजन्याने वागणे यांवर काम अडते किंवा सुटते. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या माणसासारखे बोलणे हा मापदंडच संशोधकांनी तेथे सोडून दिला. म्हणून बैठकीआधी तीन वाक्ये लिहून न्यावीत : काय झाले, काय अडले, मला काय हवे. फिनिश सहकारी गप्प बसला तर त्याला पटले नाही असे समजू नका. त्यांच्याकडे विचार करणारा माणूस गप्प बसतो, आपल्याकडे तो मान हलवतो. दुरुस्त करणाऱ्या सहकाऱ्यांना, मुद्दा कळला का, एवढेच विचारावे.

प्रश्न : मला या विषयात पीएच.डी. करायची आहे. 'सोशल मीडियाचा व्यावसायिक संप्रेषणावरील परिणाम : विशेष संदर्भ अमुक तालुका' असा विषय सुचवला गेला आहे. योग्य आहे का?
— संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : या साच्यातले प्रबंध पुष्कळ झाले. दोनशे जणांना प्रश्नावली वाटायची, 'पूर्णतः सहमत'पासून 'पूर्णतः असहमत'पर्यंत खुणा करून घ्यायच्या, टक्केवारीची वर्तुळे काढायची आणि परिणाम होतो, असे सांगून मोकळे व्हायचे. त्यात प्रत्यक्ष एकही संदेश वाचलेला नसतो. ज्या संशोधनाने हा विषय पुढे नेला, त्याने माणसांना मत विचारण्याआधी त्यांचे कागद मागितले. १९८०च्या दशकात डॅफ्ट आणि लेंगेल या अमेरिकन अभ्यासकांनी गुंतागुंतीच्या कामाला समोरासमोरची भेट आणि साध्या कामाला लेखी निरोप, अशी माध्यमांची उतरंड मांडली होती. लिन मार्कस यांनी १९९४ मध्ये दाखवले की अमेरिकेतील एका कंपनीचे व्यवस्थापक गुंतागुंतीच्या कामांसाठीही ईमेलच वापरत होते. हे त्या कंपनीतील प्रत्यक्ष व्यवहार पाहिल्यामुळे कळले.

दुसरी वाट विजय भाटिया या भाषा-अभ्यासकांची. १९९३च्या आपल्या पुस्तकात त्यांनी विक्रीपत्र आणि नोकरीचा अर्ज यांची अंतर्गत रचना उलगडताना दक्षिण आशियातील अर्जांकडेही पाहिले. तेथे सोबतचे पत्र अर्जदाराचे गुण मांडायला क्वचित वापरले जाते. 'जीवनवृत्त जोडले आहे' म्हणून ते संपते किंवा स्वतःला लहान आणि समोरच्याला मोठे करण्यात खर्ची पडते. 'आपल्या कृपाछत्राखाली सेवेची संधी मिळावी' हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी लिहिलेले किंवा वाचलेले आहे.

मराठीत असे न उघडलेले दप्तर ढिगाने पडले आहे. तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून एकच सुचवतो : बाजार समितीत माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती येणारी हिशेबपट्टी. हातभर कागदावर वजन, दर, हमाली, तोलाई आणि इतर कपातींचे रकाने, त्यात आडत्याच्या हाताची संक्षेपचिन्हे आणि खाली एक निव्वळ आकडा. अनेक शेतकरी तो आकडाच पाहतात. २०२३ मध्ये सोप्या भाषेविषयी जे आंतरराष्ट्रीय प्रमाणक, आयएसओ २४४९५ चा पहिला भाग, आले, त्याचा गाभा असा की वाचकाला हवे ते सापडावे, सापडलेले कळावे आणि कळलेले वापरता यावे. पन्नास शेतकऱ्यांसमोर त्यांचीच पट्टी ठेवा आणि 'कपात किती झाली, कशाची झाली, ती चुकली असेल तर कोणाकडे जाल' एवढे तीन प्रश्न विचारा. ते बोट कोठे ठेवतात, कोठे थांबतात, हे टिपून घ्या. व्यक्तीची आणि पेढीची ओळख पुसून टाका. मार्गदर्शक 'हा आपला विषय कसा?' असे विचारतील. त्यांना सांगा की व्यवहार आहे, कागद आहे, दोन असमान बाजू आहेत आणि त्या कागदावर एकीचे वर्षाचे उत्पन्न ठरते.

प्रश्न : आता यंत्राला दोन ओळी सांगितल्या की सभ्य, बिनचूक पत्र तयार होते. मग हा विषय शिकवायचा कशाला?
— निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

उत्तर : चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये खुले झाले, तेव्हापासून आम्हा शिकवणाऱ्यांत हीच चर्चा आहे. मायना, मांडणी, सभ्य शेवट, म्हणजे साताऱ्याच्या बाईंच्या अभ्यासक्रमातील निम्मा भाग यंत्र खरेच करते. पण पत्र वसुलीचे असेल, तर गेल्या हप्त्याला त्या कर्जदाराच्या घरी काय घडले होते, शाखाधिकाऱ्याने त्याला तोंडी काय कबूल केले होते आणि हे पत्र उद्या ग्राहक आयोगापुढे ठेवले तर कसे वाचले जाईल, हे यंत्राला सांगितल्याशिवाय कळत नाही. तुम्ही बँकेत होता. मसुदा कोणीही केला तरी सही कोणाची, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या सहीचा प्रश्न कॅनडात निवाड्यापर्यंत गेला. आजी वारल्यावर तातडीने निघालेल्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने सांगितले की शोकप्रसंगीची सवलत तिकीट काढल्यानंतरही मागता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. पैसे नाकारताना कंपनीने असा पवित्रा घेतला की चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या लवादाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि व्याज व शुल्क धरून ८०० कॅनेडियन डॉलरांहून थोडी अधिक रक्कम द्यायला लावली. मी हे प्रकरण वर्गात देतो आणि विमान कंपनीच्या वतीने त्या प्रवाशाला पत्र लिहायला सांगतो. यंत्र वापरण्याची मुभा असते. पहिल्या मसुद्यात जवळजवळ प्रत्येकाच्या पत्रात 'आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असे वाक्य असते आणि आजीचा उल्लेख नसतो.